मामा तलावाच्या पाळीवरची धाव

महाराष्ट्र नेमका कुठे सुरू होतो याबद्दल पंडितांत वाद असतील. पण तो कुठे संपतो हे रेल्वेखात्याने केव्हाच ठरवून टाकले आहे. कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस एका दिवसाहून अधिक काळ धावत राहते. ऊस, कांदा, केळी, कापूस, संत्री अशी एकेक पिके ती खिडकीतून दाखवीत नेते, आणि शेवटी धानाच्या बांध्यांत शिरून गोंदियाला येऊन थांबते. पुढे मराठी मुलूख फारसा उरत नाही. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश. फलाटावरचा हमाल हिंदीत बोलतो, चहावाला मराठीत पैसे मागतो, आणि शेजारच्या बाकावरचे दोघे ज्या बोलीत भांडत असतात ती पोवारी आहे की आणखी कुठली, हे ओळखायला आमची एम.ए.ची पदवी उपयोगी पडत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला गोंदिया म्हणजे नकाशाच्या उजव्या कडेचा एक ठिपका वाटतो. तसे त्याचे फारसे चुकतही नाही. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. त्याचे तालुके आठ : गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. पण या भागाचे खरे नाव सरकारी नाही. लोक त्याला झाडीपट्टी म्हणतात. झाडांचा मुलूख म्हणून झाडी, आणि तिथली बोली ती झाडीबोली. या बोलीत ‘ळ’ला थारा नाही, डोळ्याचा डोरा होतो आणि काळ्याचा कारा. ज्यांनी जन्मभर विद्यार्थ्यांचे ‘न’ आणि ‘ण’ सुधारण्यात हयात घालवली, त्यांनी या मुलखात जरूर यावे. दोन दिवसांत मनाचा ताठा उतरतो. आपल्याहून जुनी, आपल्याहून गोड अशी मराठी आपल्या व्याकरणाला न विचारता सुखाने नांदते आहे, हे पाहून बरे वाटते.

मी गेल्या पौषात तिकडे गेलो तो मात्र भाषेसाठी नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी जिल्ह्याच्या दक्षिण भागात एका लहानशा गावी शाळामास्तर आहे. त्याचा फोन आला.

“सर, आम्ही गावात मॅरेथॉन ठेवून राहिलो. तुम्ही येऊन राहिले ना?”

“किती लांबीची?” मी विचारले.

“मोठ्यांची दहा किलोमीटर. लहानांची आणि बायांची तीन.”

“अरे, मग ती मॅरेथॉन कशी? मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंचाण्णव मीटर.”

“ते बरोबर आहे सर. पण लोकांना तोच शब्द समजते.”

शब्दावर पोट भरणाऱ्या माणसाला या उत्तरापुढे बोलता येत नाही. मी तिकीट काढले.

गाडीत वेळ भरपूर होता, म्हणून या शब्दाचाच विचार करीत बसलो. ग्रीसमधल्या मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची वार्ता घेऊन अथेन्सला धावत गेलेल्या दूताची कथा आपण शाळेत ऐकलेली असते. शर्यत म्हणून ती प्रथम धावली गेली १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये, आणि जिंकली स्पिरिडॉन लुई नावाच्या पाणी वाहणाऱ्या माणसाने. बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंचाण्णव मीटर हे विचित्र अंतर १९०८ साली लंडनमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून राजाच्या आसनापर्यंत मोजल्यामुळे आले, आणि १९२१ मध्ये ते कायम झाले.

या दोन तारखांच्या मध्ये एक मराठी मुलखातला माणूस उभा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचा मार्ग नेहमीपेक्षाही लांब, पाव किलोमीटर कमी त्रेचाळीस असा धरा म्हणजे एखाद्या वळणाचा फरक राहील. चौगुले एकोणिसावे आले. त्यांना तिथवर नेले कुणी? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर साधी शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावतात आणि त्यांचा वेग जगातल्या नावाजलेल्या धावपटूंच्या फारसा मागे नाही, हे सर दोराबजी टाटांच्या ध्यानात आले. त्यांनी खटपट केली, स्वतः पैसे घातले, इतरांकडून मिळवले, आणि आपली मंडळी बोटीत बसली. म्हणजे आपल्याकडे धावणे आणि वर्गणी यांची गाठ पहिल्या दिवसापासूनच पडलेली आहे. फरक एवढाच, की तेव्हा वर्गणी गोळा होत होती ती कुणाला तरी धावता यावे म्हणून. आता माणसे धावतात ती वर्गणी गोळा व्हावी म्हणून.

हा दुसरा प्रकार जगात रूढ केला तो मुख्यतः लंडनने. ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली हे दोन जुने धावपटू १९७९ साली न्यूयॉर्कची शर्यत धावून आले, आणि संबंध शहर रस्त्यावर येऊन परक्या माणसाला टाळ्या वाजवते हे पाहून चकित झाले. २९ मार्च १९८१ रोजी लंडनची पहिली मॅरेथॉन झाली. पावसात भिजत दोघे जण सर्वांत पुढे होते, एक अमेरिकन आणि एक नॉर्वेजियन. शेवटच्या क्षणी एकमेकांना मागे टाकण्याऐवजी त्यांनी हात धरले आणि दोघे मिळून रेषा ओलांडली. शर्यतीतून उरलेला पैसा लोकांच्या खेळण्या-बागडण्याच्या सोयींसाठी द्यायचा असे संस्थापकांनी आरंभीच ठरवले होते. पुढे धावपटूंनी आपापल्या आवडीच्या संस्थेसाठी पैसे गोळा करण्याची पद्धत पडली, आणि आजवर त्या एका शर्यतीच्या निमित्ताने लोकांनी संस्थांना दिलेली रक्कम शंभर कोटी पौंडांच्या वर गेली आहे.

आपल्याकडे मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे मुंबईकर मंडळी ज्या उत्साहाने रस्त्यावर येतात, तो उत्साह एरवी त्यांच्यात फक्त लोकल पकडताना दिसतो. तिथली व्यवस्था मोठी शिस्तीची. शर्यत भरवणारे वेगळे, आणि धर्मादायाचे काम पाहणारी ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था वेगळी. अंधांच्या शाळेपासून कर्करोग्यांच्या मदतीपर्यंत अनेक संस्था आपली नावे नोंदवतात. मग एखादा कारकून, एखादी डॉक्टरीण, एखाद्या कंपनीतले वीस जण ठरवतात, की आम्ही अमक्या संस्थेसाठी धावणार. ते आपल्या मेहुण्याला, मामेबहिणीला, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला पत्रे धाडतात : मी धावतो, तुम्ही द्या. वरचे बिऱ्हाड एरवी वर्गणीदाराला दारातूनच परत पाठवते. पण हा पोट सुटलेला गृहस्थ पहाटे उठून खरोखर धावणार आहे हे पाहून त्याचेही मन द्रवते. हा पैसा दर वर्षी कोटींच्या घरात जातो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपण जी प्रवेशफी भरतो ती बहुतेक खर्चातच जाते. रस्ता, पाणी, रुग्णवाहिका, वेळ मोजायची यंत्रे, छातीवरचे क्रमांक, मांडव, पदके हे सगळे त्यातून आणि व्यापाऱ्यांच्या जाहिरातींतून भागवायचे असते. संस्थांना मिळतो तो पैसा लोकांनी धावणाऱ्याकडे पाहून निराळा दिलेला असतो. तेव्हा “मी फी भरली, म्हणजे दान केले” असे समजून घरी येऊन गाढ झोपणाऱ्याने आणखी एकदा हिशेब करावा. धाव हे दान नव्हे. धाव हे दानाचे आमंत्रण आहे.

हा हिशेब माझ्या मास्तराने माझ्या आधीच केलेला होता, हे मला गावी पोचल्यावर कळले.

गाव तसे लहान. पण गावाच्या मानाने तलाव फार मोठा, आणि हीच या जिल्ह्याची तऱ्हा आहे. इथे गाव म्हटले की तलाव आलाच. तलाव नसला तर निदान बोडी तरी. या तलावांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. कुण्या दानशूर मामाची ती आठवण असावी अशी माझी समजूत होऊ लागली होती, तोच मास्तरने खुलासा केला : मामा म्हणजे माजी मालगुजारी! सरकारी कागदांत एवढे लांब नाव लिहिण्याचा कंटाळा येऊन कुणा कारकुनाने आद्याक्षरे घेतली असतील, आणि लोकांनी त्यांचे नाते जोडून टाकले. हे तलाव खोदण्याचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजाला जाते. उतार कुठे आहे, पाणी कुठे थांबेल, माती कुठली धरील, हे त्या लोकांना कुठल्याही विद्यालयात न जाता उमगत होते. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेले हे योग्यच झाले; पण दर उन्हाळ्यात गाळ काढायचा आणि पाळीला माती घालायची ही गावाची सवयही त्यांच्याबरोबर गेली. जे सगळ्यांचे झाले ते कुणाचेच राहिले नाही. गाळ साचला, काठाला बेशरमाचे रान माजले. अलीकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्था ढिवर मासेमारांना बरोबर घेऊन काही तलाव पुन्हा जिवंत करीत आहेत. बेशरम उपटतात, पाण्यातल्या देशी वनस्पती लावतात, आणि त्यांच्या मागोमाग मासे आणि पाखरे परत येतात.

अशाच एका तलावाच्या पाळीवरून ही धाव जाणार होती. आणि ती होती सिकलसेलच्या रुग्णांसाठी.

शहरातल्या पुष्कळ कुटुंबांना हा शब्द ऐकूनही ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल, लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडापाडांत अशा कळा उठतात, की धडधाकट माणूस लहान मुलासारखा रडतो. रक्त कमी होते, अंग पिवळे पडते. आजार संसर्गाचा नाही. तो आईबापांकडून येतो. आई आणि बाप दोघेही नुसते वाहक असले, म्हणजे त्यांना स्वतःला काही त्रास नसला, तरी त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरी लोकांत सापडला. १९५८ साली नागपूरच्या दोघा डॉक्टरांनी मध्य भारतातही तो असल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकपत्रात लिहिले. पूर्व विदर्भात त्याचे प्रमाण बरेच आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून केंद्र सरकारने या आजाराच्या उच्चाटनाची मोहीम सुरू केली. तपासणी साधी आहे, गोळ्या आहेत, त्यांनी कळा बऱ्याच आटोक्यात राहतात. पण मध्यरात्री दुखणे उठले तर गाडी लागते. रुग्णाबरोबर एक माणूस लागतो, आणि त्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. वेळेवर रक्त देणारा कुणी तरी लागतो. या तीन गोष्टी कुठल्याही गोळीत मिळत नाहीत.

मास्तरचा बेत एवढ्यासाठीच होता : गाडीचा पैसा, मजुरीचा पैसा आणि रक्त देणाऱ्यांची यादी.

सभा आदल्या संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात भरली. मी पाहुणा म्हणून मला खुर्ची मिळाली. एक धानगिरणीवाले शेटजी टी-शर्ट द्यायला तयार होते. मात्र पाठीवर गिरणीचे नाव आणि छातीवर त्यांचा फोटो हवा होता. एका तरुणाला पदके हवी होती, दुसऱ्याला स्टेज आणि मोठे कर्णे. मास्तर शांतपणे सगळ्यांचे भाव लिहून घेत होता. शेवटी त्याने बेरीज वाचून दाखवली आणि विचारले, “एवढे केल्यावर आजाऱ्यांसाठी उरते किती?” व्हरांडा गप्प झाला. शेटजी मोठे व्यवहारी निघाले. म्हणाले, “मग टी-शर्ट राहू द्या. तेवढे पैसे रोख लिहा. फोटो माझ्या घरी आहेच.” सगळे हसले, आणि तिथेच शर्यतीचा अर्धा खर्च गळून पडला.

वर्गणीची रीतही मला नवी होती. मुंबईत संगणकावरून पैसे येतात. इथे प्रत्येक धावणाऱ्याने दहा घरे वाटून घेतली होती. धानाचे चुरणे आटोपून घरात नवे धान आलेले. घरातली बाई विचारी, “किती परशील बापू?” पोरगा सांगे, “दहा किलोमीटर.” मग कुणी किलोमीटरमागे पाच रुपये लिही, कुणी पायलीभर धान. शाळेच्या एका खोलीत धानाचा ढीग पडला होता, आणि तो शेटजींच्या गिरणीत बाजारभावाने विकला जायचा होता. ज्यांच्याकडे धान नव्हते अशांनी वहीत आपला रक्तगट लिहिला. ती वही मी चाळली. नावापुढे जात लिहायची जागा तिच्यात नव्हती. आपल्या देशात अशी वही अजून दुर्मीळ आहे.

मी मास्तरला म्हटले, “ही कल्पना तुला मुंबईवरून सुचली?”

तो म्हणाला, “नाही सर, शंकरपटावरून.”

शंकरपट म्हणजे या झाडीपट्टीतली बैलांची शर्यत. धान निघाले की गावोगाव पट भरतात. हलक्या गाडीला जुंपलेली जोडी सरळ पटावरून वाऱ्यासारखी सुटते, धुरकरी वरून ओरडत असतो, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळे संपते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती कायम केली. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा आहे आणि अटी पाळल्याच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पट म्हणजे नुसती शर्यत नव्हे. पटाला पाहुणे येतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. दिवसा बैल धावतात आणि रात्री नाटक उभे राहते. देसाईगंज-वडशाच्या नाटक मंडळ्यांना गावचे मंडळ ठरलेली रक्कम देते, तिकिटे स्वतः विकते, आणि वर जे उरेल ते गावाच्या कामाला लावते. कुठे त्यातून देवळाचे काम होते, कुठे शाळेचे. या झाडीपट्टी रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या रसिकांना कळले, की आपण नाट्यगृहे रिकामी पडल्याची चर्चा करीत होतो त्या वेळी तिकडे हजारो माणसे थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहत होती.

“धावते कोणीतरी, बघतात सगळे, आणि राहते ते गावाचे,” मास्तर म्हणाला. “बैलांऐवजी या वेळेस आम्ही जुंपून घेतलो, एवढेच.”

दुसऱ्या दिवशी पहाटे थंडी अशी, की बोलताना शब्दाआधी वाफ बाहेर पडे. तलावावर धुके होते. पलीकडच्या काठाला पाणपाखरांचा कलकलाट ऐकू येत होता, पण पाखरू एकही दिसत नव्हते. धान कापलेल्या बांध्यांत लाखोरी उगवली होती. दहा किलोमीटरवाल्यांत निम्म्याहून अधिक पोरे अशी होती, की त्यांना धावण्याची कुणी नवलाई सांगायला नको होती. ती पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर ती धावतातच. फक्त त्या दिवशी त्यांना पाहायला लोक आले होते. त्यांच्यात मुलीही होत्या, आणि त्यांच्या पायांत नवे बूट नव्हते. एक दोघी तर अनवाणीच होत्या. मला डेक्कन जिमखान्याची शंभर वर्षांपूर्वीची ती पोरे आठवली.

तीन किलोमीटरच्या रांगेत बचत गटाच्या बाया लुगड्यांचे पदर खोचून उभ्या होत्या. एक आजीबाई मध्येच रांगेबाहेर येऊन मला म्हणाल्या, “तुमी नाई परत का, गुरुजी?” मी गुडघ्याचे निमित्त सांगितले. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे असे काही पाहिले, की मी पाणी वाटण्याच्या टेबलाकडे निघून गेलो.

या टेबलावर एक विशीतला तरुण होता. अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर. पेले भरून ठेवायचे, येणाऱ्याचा क्रमांक वहीत मांडायचा, अशी दोन्ही कामे तो एकटा करीत होता. शर्यतीचा सगळा जमाखर्च त्याच्याच अक्षरात होता, हे मला रात्री दिसले होते. मी विचारले, “तू नाही धावलास?”

“नाही सर. मला सिकलसेल आहे,” तो सहज म्हणाला. “दमलो, पाणी कमी पडले, थंडी बाधली, की दुखणे उठते. म्हणून पाण्याचे काम मीच मागून घेतले. पाणी कमी पडल्यावर काय होते ते इथे माझ्याएवढे कुणाला माहीत नाही.”

मग त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. नुसत्या वाहकांना धावायला सहसा हरकत नसते, पण त्यांनीही पाणी पीत राहावे, दम लागला तर थांबावे. म्हणून सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना विचारून त्याने दर दीड किलोमीटरला पाणी ठेवले होते, आणि सुरुवातीच्या रेषेवर उभा राहून सगळ्यांना बजावले होते, की पहिला नंबर नाही आला तरी चालेल, पण पाणी न पिता कुणी पुढे जायचे नाही. मोठ्या शहरांतल्या मोठ्या शर्यतींत वैद्यकीय व्यवस्थेवर तज्ज्ञ नेमतात. इथे तो तज्ज्ञ दोन स्वेटर घालून उभा होता.

एवढ्यात धुक्यातून पहिला पोरगा आला. पाळीवरून त्याची पावले ऐकू आली ती तो दिसण्याच्या आधी. त्याच्या मागे दुसरा, मग चार-पाच, मग घोळका. टेबलाशी प्रत्येक जण थांबला. पहिल्यानेसुद्धा पेला घेतला, उभ्यानेच घटाघटा प्याला, आणि मग सुटला. या तरुणाने त्याचा क्रमांक लिहिला आणि न पाहताच पुढचा पेला पुढे केला.

दुपारी पोहे झाले, चहा झाला, आणि मग जे झाले त्यासाठीच मी एवढ्या लांब आलो असे मला वाटले. गावासमोर जमाखर्च वाचला गेला. किती धान आले, काय भावाने गेले, केळ्यांना किती लागले, दोरीला किती, चुन्याला किती. एका म्हाताऱ्याने केळ्यांचा भाव जास्त लागला म्हणून हरकत घेतली. त्यावर पाच मिनिटे वाद झाला, केळेवाला बोलावला गेला, आणि त्याने सगळ्यांदेखत डझनामागे पैसे कमी केले. उरलेली रक्कम मी इथे लिहीत नाही. शहरातल्या आपल्या एखाद्या लग्नात तेवढे हारतुऱ्यांवर जात असतील. पण ती कुठल्या कामाला जाणार, कुणाच्या सहीने निघणार आणि पुढच्या वर्षी कुणी वाचून दाखवणार, हे तिथेच ठरले. रक्तगटांची वही दवाखान्यात एक आणि शाळेत एक अशी दोन प्रतींत राहायची होती. आणि मास्तरने शेवटी सांगितले, की पुढल्या रविवारी तपासणीचे शिबिर आहे, लग्नाच्या वयाच्या पोरापोरींनी आधी यावे. पत्रिका मागाहून बघता येतात.

या शेवटच्या वाक्यावर मागच्या रांगेतल्या आया जरा चुळबुळल्या. रक्त तपासले आणि काही निघाले, तर मुलीचे लग्न अडेल ही त्यांची भीती आहे, आणि ती खोटी नाही. म्हणूनच तर हा आजार इतकी वर्षे घराघरांत पदराखाली झाकून राहिला. वाहक असण्यात लाज नाही, दोन वाहकांनी आधी जाणून घ्यावे एवढेच, हे वैद्यकाने शंभरदा सांगितले तरी गळी उतरत नाही. पण त्या सकाळी अख्खे गाव त्या आजाराचे नाव घेऊन उघड्यावर धावले होते. ज्याचे नाव आपण कुजबुजत घेतो, ते पोरांनी कापडावर रंगवून झाडाला टांगले होते. पैसे किती जमले याहून मला ही कमाई मोठी वाटते. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली, पुढे आली आणि शिबिराच्या वहीत नाव लिहून परत जाऊन आईशेजारी बसली. आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने आपले बोट शाईच्या गादीकडे पुढे केले.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला नवेगाव बांधला घेऊन गेला. कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला असे सांगतात. सात बहिणींच्या डोंगरांमध्ये ते पाणी असे पसरले आहे, की पाहणाऱ्याला ते माणसाने अडवलेले आहे हे खरे वाटत नाही. बांधावर उभा राहून मी खाली पाहिले. नुसती माती, दगडाचे, चुन्याचे वैभव काही नाही. कुणी तरी एक टोपली आणली असेल, मागून दुसऱ्याने दुसरी. कुणाची टोपली कुठे पडली हे आज कुणाला सांगता येणार नाही, पण पाणी अजून थांबलेले आहे.

वाचकहो, दिवाळी झाली की आपल्याकडे सहलींचे बेत सुरू होतात. महाबळेश्वर आणि गोवा आपल्या जागी आहेतच. पण एखादे वर्ष नागपूरला उतरून न थांबता तशीच गाडी पुढे घ्या. धान नुकते निघालेले असते, तलाव भरलेले असतात, नवेगाव आणि नागझिऱ्याची राने हिरवी असतात, आणि नशीब असले तर एखाद्या बांधीत सारसाची जोडी दिसते. ती आता महाराष्ट्रात या भागाशिवाय फारशी कुठे दिसत नाही. कुठे पट असेल, कुठे नाटक असेल. आणि एखाद्या गावी पहाटे पोरे धावताना दिसली, तर उगीच गुडघ्याचे निमित्त सांगू नका. तीन किलोमीटर म्हणजे काही फार नाही. आजीबाईंनी ते पाऊण तासात पुरे केले, आणि पाण्याच्या टेबलापाशी थांबून दोन पेले पाणीही प्यायल्या.